छत्रीवाल्याची कोरडी सहल

दिलसुखनगरच्या बाजारात एका कोचिंग क्लासच्या जिन्याखाली मुकुंदराव बिरादारांचं छत्र्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची तिरपी जागा. आत शिरायचं तर वाकावं लागतं. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी मुकुंदराव जन्मात वाकलेत असं सांगणारा माणूस मात्र अजून कुणाला भेटलेला नाही.

मूळचे ते उदगीरकडचे, शेतकऱ्याघरचे. मिसरूड फुटायच्या वयात मामाचं बोट धरून हैदराबादेत आले, छत्रीच्या काड्या बदलायला शिकले, आणि मामाचं दुकान चालवता चालवता मामापेक्षा जास्त बोलायला शिकले. छत्र्या विकणारे बाजारात छप्पन्न. पण मुकुंदराव छत्रीबरोबर पाऊसही सांगत. गिऱ्हाईक विचारी, "क्या चाचा, बारिश कब गिरती?" की मुकुंदराव जिन्याखालून मान बाहेर काढत, आभाळाचा दिसेल तेवढा तुकडा निरखत, नाकानं हवा ओढत आणि सांगत, "परसों."

आता हैदराबादेत चार दिवस काढलेल्या कुणालाही हे सांगायला नको, की इथं परसों म्हणजे परवा, तेरवा, गेल्या महिन्यात किंवा चारमिनार बांधला तेव्हा, यांतलं काहीही. त्यामुळं मुकुंदरावांचं भाकीत कधी म्हणून चुकलं नाही. आणि ज्याचं भाकीत उभ्या जन्मात चुकत नाही त्याचं जे होतं तेच त्यांचंही झालं. पाऊस आपल्या खिशात आहे आणि खिशाला बटण आहे, असं त्यांना वाटायला लागलं.

शेजारी जहांगीरभाईंचं चपलांचं दुकान. एका सकाळी ते चपला बाहेर मांडता मांडता म्हणाले, "मुकुंदराव, टीवी पे बोले आज जोर की गिरती."

"टीवी कभी भीगा क्या, भाई?" मुकुंदराव म्हणाले. "जो भीगाइच नै, उसकू क्या मालूम? मांडो तुम."

जहांगीरभाईंनी मांडल्या. दुपारी असा कोसळला, की बाजारातून चपला जोडीजोडीनं निघाल्या, जशा काही सगळ्यांना मूसी नदीवर जायचं होतं. निम्म्या सापडल्याच नाहीत. मुकुंदरावांच्या छत्र्या मात्र होत्या नव्हत्या तेवढ्या खपल्या. "बघा," ते म्हणाले, "मी म्हणतच होतो." काय म्हणत होते, हे विचारायला जहांगीरभाई जाग्यावर नव्हते, ते एका डाव्या चपलेच्या मागं धावत होते.

असो. गोष्ट पावसाची नाही, समुद्राची आहे. आणि समुद्र म्हटला की सावित्रीबाई आल्या.

सावित्रीबाई म्हणजे मुकुंदरावांच्या मंडळी. माहेर बिदरच्या पलीकडं, जिथं विहिरीत डोकावलं की आधी अंधार दिसतो आणि मग, नशीब बरं असेल तर, पाणी. लग्न होऊन त्या हैदराबादेत आल्या तेव्हा मुकुंदरावांनी त्यांना टँकबंडावर फिरायला नेलं. समोर हुसेनसागर. एवढं पाणी एका जागी त्या बाईनं कधी बघितलं नव्हतं. पदर तोंडाला लावून तिनं विचारलं, "अहो, हाच का समुद्र?"

आता नव्या नवरीला 'नाही' म्हणावं, तर खरा दाखवायला मद्रासची गाडी पकडावी लागणार. मुकुंदराव म्हणाले, "मग? दुसरं काय?"

पुढं दोन वर्षं सावित्रीबाई माहेरी सांगत होत्या, की आमच्या घरापासून समुद्र पायी जाण्याइतका जवळ आहे. माहेरच्यांनीही कौतुक केलं. त्यांच्यातही तो बघितलेला कुणी नव्हता. शेवटी विद्यानगरातल्या शेजारीण भामाबाईंनी त्यांचे डोळे उघडले. "अगं सावित्री, तो तलाव आहे! चक्कर मारून आलं की संपतो. समुद्राला पल्याड नसतंय."

सावित्रीबाई घरी आल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नवऱ्याला वाढता वाढता एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडं माझा एक समुद्र राहिला बरं का."

तो राहिला तो राहिलाच. पावसाळ्यात छत्रीवाल्याला दुकान सोडता येत नाही. पावसाळा सरला की माल भरायचा. उन्हाळ्यात उन्हाच्या छत्र्या घेणाऱ्या बायका येतात, आणि त्यांना मुकुंदरावांशिवाय दुसऱ्या कुणी रंग दाखवलेला आवडत नाही, असं मुकुंदरावांचं मत. मग मुलाची शाळा, मुलाचं कॉलेज, मुलाचं लग्न. आणि सगळ्यांत मोठी अडचण देवाची. बिरादारांच्या घराण्यात नुसतं फिरायला कुणी गेलेलं नव्हतं. प्रवासाच्या त्या टोकाला देव लागतो. तुळजापूर म्हणा, गाणगापूर म्हणा, तिरुपती म्हणा. नुसते पाय भिजवून परत आलं तर गावी सांगायचं काय?

यंदा मात्र सुनेनं विषय काढला. सून योगिनी, पुण्याची. ती आणि मुलगा हर्षवर्धन दोघंही कंप्युटरच्या कंपनीत. घरात येऊन थोडे दिवस झाले असतील नसतील, तिनं सासूच्या समुद्राची गोष्ट ऐकली आणि तिला फार वाईट वाटलं. हर्षवर्धनला वाईट वाटलं नाही. तो ती गोष्ट ऐकतच मोठा झाला होता.

"आई, बाबा, तुम्ही दोघं अंदमानला जा," योगिनी म्हणाली. "बेट आहे. चारी बाजूंनी समुद्र. एका बाजूचा राहिला तर दुसऱ्या बाजूचा दिसेल. फक्त जानेवारीनंतर जा. तेव्हा तिकडं कोरडं असतं."

'कोरडं' हा शब्द ऐकला आणि मुकुंदराव खुर्चीत सरळ झाले. ओल्या-कोरड्याचा निकाल त्यांच्या घरात दुसऱ्या कुणी देणं म्हणजे हलवायाच्या घरी साखर चाखून दाखवणं. त्यांनी भिंतीवरचं पंचांग काढलं, चष्मा लावला.

"दिवाळी झाली की जायचं," ते म्हणाले.

"बाबा, नोव्हेंबरात तिकडं पाऊस असतो. परतीचा. तो तिकडच्या बाजूनं येतो."

"योगिनी, तू पुण्याची. तुमच्याकडं पाऊससुद्धा वेळ विचारून येत असेल. आम्ही पावसावर भाकरी खाल्लेली माणसं. हे बघ. हस्त गेला, म्हणजे हत्ती गेला. चित्रा गेली. राहिली स्वाती, तर स्वातीचं वाहन यंदा गाढव. गाढव किती पळेल? दिवाळीच्या अलीकडंच बसेल. पुढं आभाळ कोरडं ठणठणीत."

"पण बाबा, हे पंचांग आपल्याकडचं. अंदमान समुद्रापलीकडं आहे."

"मग गाढवाला तिथवर पोहता येतं का?"

हर्षवर्धनला हसू फुटलं, आणि तिथंच योगिनी हरली. बिरादारांच्या घरात मुद्दा कुणाचा खरा हे बघत नाहीत. कुणाच्या बोलण्यावर हसले हे बघतात.

देवाचा प्रश्न सावित्रीबाईंनीच सोडवला. "समुद्राची ओटी भरायची," त्या म्हणाल्या. "नदीची भरतात की नाही? मग समुद्र तर सगळ्या नद्यांचं सासर. मी खण-नारळ घेऊन जाणार."

"आई, नारळ कशाला इथून? तिकडं झाडाखाली उभं राहिलं तरी डोक्यात पडेल!"

"तिकडच्या नारळाला समुद्राचं काय कौतुक, योगिनी? रोजचंच मरण. मी विद्यानगरच्या मंडईतला नेणार. माझ्यासारखाच. हैदराबाद सोडून काही न बघितलेला."

तर नारळ आला, हिरवा खण आला, हळदीकुंकवाची पुडी आली. प्रवासात लागतील म्हणून धपाट्यांची चळत आली, शेंगदाण्याची चटणी आली. आणि सगळ्यांवर सावित्रीबाईंनी एक छत्री ठेवली. त्यांना दमा. ओल लागली की छाती वाजायला लागते. डॉक्टरांनी बजावलेलं होतं, काहीही करा पण भिजू नका.

मुकुंदरावांनी ती छत्री बॅगेतून उचलली आणि दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी.

"हे काय?"

"छत्री."

"ते दिसतंय. छत्री ओळखायला मला तू शिकवू नकोस. कोरड्या ऋतूत छत्रीवाल्याचीच बायको छत्री घेऊन निघाली, तर उद्या दिलसुखनगरात माझ्या शब्दाला कुत्रं तरी विचारील का?"

"माझ्या छातीला ओल चालत नाही, ठाऊक आहे न्हवं?"

"म्हणून तर कोरड्यात नेतोय."

छत्री खुंटीला गेली. बाजारात मुकुंदरावांनी दवंडीच पिटली, की बिरादार मियाँबीबी समुद्रावर चालले आणि छत्रीशिवाय चालले; एक थेंब पडला तर सांगा. निघायच्या दिवशी सकाळी मात्र ते एकटेच दुकानावर जाऊन आले. 'कुलूप बघायला' म्हणाले. आल्यावर खांद्याची पिशवी त्यांनी स्वतःच्या हातानं भरली. ज्या माणसानं जन्मात आपल्या रुमालाची घडी घातली नाही, तो पिशवी भरतोय, हे सावित्रीबाईंनी नारळ पंच्यात गुंडाळता गुंडाळता पाहिलं. वाटलं, म्हातारपणी सुधारले. बायका असल्या बाबतीत फार लवकर आशा धरतात.

विमान बेटावर उतरलं ते पावसात. साधासुधा नव्हे; विमानाच्या खिडकीवर कुणी घागरी ओतत असावं असा.

"समुद्राचे तुषार आहेत," मुकुंदराव म्हणाले. "बेट लहान असतं ना. चहूकडून उडतात."

हॉटेल एका उतारावर. खाली नारळीची झाडं आणि झाडांपलीकडं समुद्र, असं हॉटेलच्या चित्रात होतं. खिडकीतून बघितलं तर झाडांपलीकडं पांढरा पडदा. त्या पडद्यामागून काहीतरी मोठं श्वास घेतंय असा आवाज मात्र सारखा यायचा. हॉटेलचा मॅनेजर श्रीकाकुळमकडचा, अप्पाराव नावाचा. त्याला तेलुगू बोलणारी माणसं भेटली याचा आनंद झाला आणि तो पळत जाऊन हॉटेलची छत्री घेऊन आला. "अम्मगारूंना खाली जायचं असेल तर घ्या. आमच्याकडं ही वेळच पावसाची. लोक संक्रांतीनंतर येतात."

सावित्रीबाईंनी हात पुढं केला. मधेच मुकुंदरावांनी ती घेतली. उघडली, मिटली, काडी वाकवून बघितली, मुठीवर टिचकी मारली.

"तीन घडीची. काड्या पत्र्याच्या. कापड म्हणजे गाळणं. पहिल्या वाऱ्यात उलटून कमळ होईल हिचं. कितीला फसवलं तुम्हाला?" अप्पारावचं तोंड उतरलं. "घेऊन जा. आम्हाला लागणार नाही. परसों उघडतंय."

"तुमचा परसों हैदराबादेत चालतो," सावित्रीबाई म्हणाल्या. "इथं पाऊस आपल्या नात्यातला नाही."

उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुकुंदराव व्हरांड्यात खुर्ची टाकून, पिशवी खुर्चीखाली ठेवून, आल्यागेल्याला नक्षत्रं समजावत बसले. एक नवं लग्न झालेलं जोडपं चिंब भिजून, हसत खिदळत वर आलं, तर त्यांनाही थांबवून हत्ती आणि गाढव सांगितलं. सावित्रीबाई दाराशी बसून आवाजाकडं कान लावायच्या. नारळ मांडीवर.

"बाजारातून एक छत्री आणू का आपण?" त्यांनी विचारलं.

"बिरादारानं परक्याच्या दुकानातून छत्री विकत घ्यायची? वर मामाला काय वाटेल?"

"मामांचं राहू द्या. मला खाली जायचंय."

"तर मग भिजत जा. आणि छाती वाजली की मला म्हणू नकोस."

संध्याकाळी योगिनीचा फोन आला. "आई, बघितला का समुद्र?"

"ऐकला," सावित्रीबाई म्हणाल्या.

"म्हणजे? पाऊस आहे का तिकडं?"

मुकुंदरावांनी फोन ओढून घेतला. "पाऊस नाही, पाऊस नाही. हवा जरा ओली आहे."

"मग मागं एवढा आवाज कसला येतोय, बाबा?"

"नळ," मुकुंदराव म्हणाले आणि फोन ठेवला.

असं करता करता परतीचा दिवस उजाडला. आवाज तसाच, पडदा तसाच. गाडी येणार म्हणून सावित्रीबाई आवरायला लागल्या. नारळ पुन्हा पंच्यात गुंडाळला. समुद्र न बघितलेला नारळ समुद्राच्या दारापर्यंत आणायचा आणि तसाच विद्यानगरला परत न्यायचा! भामाबाई विचारणार, कसा होता गं? काय सांगायचं? आवाज बरा होता?

मुकुंदराव आरशासमोर भांग पाडत होते. त्यांचा पंचा पिशवीत ठेवावा म्हणून सावित्रीबाईंनी ती ओढली. "राहू दे, राहू दे, मी भरतो," असं ते म्हणेपर्यंत हात आत गेला होता. धोतराच्या घडीत काहीतरी कडक लागलं. बाहेर काढलं तर छत्री. काळी, दोन घडीची, आठ काड्यांची, वेताच्या मुठीची. दुकानात वरच्या दांडीवर टांगतात आणि कुणालाही सहसा दाखवत नाहीत, त्यातली.

"हे काय?" सावित्रीबाई म्हणाल्या. अगदी मुकुंदरावांच्याच स्वरात.

"ती... नमुना म्हणून आणली. इकडच्या दुकानदारांना दाखवायला."

"कुठल्या दुकानदाराला दाखवली?"

मुकुंदरावांचा कंगवा केसांत अडकून राहिला.

सावित्रीबाई छत्रीकडं बघत राहिल्या. हळूहळू सगळं उलगडलं. ज्या तोंडावर अर्ध्या दिलसुखनगरानं भरवसा ठेवला, त्या तोंडावर खुद्द तोंडाच्या मालकाचाच भरवसा नव्हता. म्हणून लपवून आणली. आणि आणली हे कळलं तर भरवसा नव्हता हेही कळेल, म्हणून काढली नाही. रोज ती त्यांच्या खुर्चीखाली होती. वर बसून गाढव सांगत होते आणि खाली छत्री कोरडी पडली होती. बायको समुद्राच्या दारात तशीच बसली, तर बसेना का. शब्द भिजता कामा नये.

ओरडतील म्हणून मुकुंदरावांनी डोळे मिटून घेतले. ओरड आली नाही. खट् असा आवाज आला. सावित्रीबाईंनी खोलीतच छत्री उघडली होती. एका हातात ती, दुसऱ्या हातात नारळ, खण आणि पुडी.

"अगं, गाडी येईल!"

"आली तर थांबवा. नाही थांबली तर तुम्ही व्हा पुढं. मी येते मागून. समुद्रापासून आपलं घर पायी जाण्याइतकं जवळ तर आहे. न्हवं का?"

आणि त्या उतार उतरून गेल्या. नारळीची झाडं संपली, पायाखाली ओली वाळू लागली, आणि पडदा आपोआप मागं सरल्यासारखा झाला. करड्या रंगाचं पाणी, करड्या रंगाचं आभाळ, आणि दोघांच्या मधे शिवण कुठं आहे ते दिसत नव्हतं. चित्रातलं निळं वगैरे काही नव्हतं. सावित्रीबाईंनी लांबवर नजर टाकली, डोळे बारीक केले, पुन्हा टाकली. पल्याड नव्हतं. भामाबाई खरं बोलल्या होत्या. लाट आली आणि पायावरून गेली, तेव्हा त्यांच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं, कुणी ओळखीचं अचानक दारात दिसावं तसं.

त्यांनी हळदीकुंकू वाहिलं, खण सोडला, नारळ टाकला. लाटेनं नारळ परत आणून पायाशी ठेवला. पुन्हा टाकला, पुन्हा आणला.

एवढ्यात मागून मुकुंदराव आले. धोतर पोटऱ्यांना चिकटलेलं, नुकताच पाडलेला भांग कपाळावर उतरलेला, नाकाच्या शेंड्यावरून धार. ते धापा टाकत आले आणि छत्रीत शिरायला लागले. सावित्रीबाईंनी छत्री दुसऱ्या बाजूला कलती केली.

"तुम्हाला कशाला? हवाच ओली आहे जरा."

"अगं, भिजलो की!"

"तुषार असतील. बेट लहान आहे ना." आणि त्यांनी नारळ नवऱ्याच्या हातात दिला. "माझा हात पोचत नाही. तुम्ही टाका. आत जाऊन, लांब."

मुकुंदरावांनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि गेले. गुडघ्याइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी हात उगारला, तेवढ्यात लाट आली आणि पोटात बसली. नारळ गेला. आणि दुकानाच्या बाहेर आयुष्यात पहिल्यांदाच मुकुंदराव वाकले. चांगले कमरेतून, दोन्ही हात पाण्याला टेकून.

सावित्रीबाई हसल्या. किती वर्षांत हसल्या नव्हत्या एवढ्या हसल्या. छाती वाजली नाही. वाऱ्याचा एक झोत आला. छत्री थरथरली, पण कमळ झालं नाही. माल चांगला होता, हे मान्य करायलाच हवं.

परत आल्यावर मुकुंदराव बाजारात सांगत सुटले, की तिकडं अगदी कोरडं होतं, हे जे शिंकतोय ते विमानातल्या गारव्यानं. कुणी फार खोलात गेलं नाही. पण दुपारच्याला आता सावित्रीबाई दुकानात येऊन बसतात. घरी राहून काय करू, म्हणतात. परवाच एक कॉलेजची मुलगी आली, म्हणाली, "चाचा, बारिश कब गिरती?" मुकुंदरावांनी मान बाहेर काढली, आभाळ बघितलं, नाकानं हवा ओढली.

"परसों," ते म्हणाले.

"मुँह कू नक्को देखो, बेटा," आतून सावित्रीबाई म्हणाल्या. "इनकी थैली देखो."

मुलगी हसत निघून गेली. जहांगीरभाई मात्र हसले नाहीत. ते हल्ली रोज सकाळी चपला बाहेर मांडण्याआधी सलाम करायच्या निमित्तानं येतात, आणि बोलता बोलता मुकुंदरावांची पिशवी हळूच चाचपून जातात. तेव्हापासून त्यांची एकही चप्पल भिजलेली नाही.